खिळा

लवंगेच्या झाडाला तो खिळा मीच ठोकला,
टेकडीवर, दीड पुरुष उंचीवर,
मोडक्या होडीतून निघालेला, हिरवट पडलेला.
त्याला टांगलाय दूध पावडरीचा डबा.
डब्यात फोन ठेवायचा, पश्चिमेकडे तोंड करून,
आणि हात काढून घ्यायचा.
पलीकडच्या बेटावरून येणारी रेंज
परक्या मांजरासारखी आहे.
बसली तर बसली. हात लावला की गेली.

म्हणून आमच्या गावात फोनवर कुणी कुजबुजत नाही.
मान वर करून ओरडायचं
आणि रांगेतल्या सगळ्यांनी ऐकायचं.
योसिनाच्या नवऱ्यानं तिमिकात दुसरं घर केलं
हे तिला आणि मागे उभ्या पाद्रीबाबांना एकदमच कळलं.
ते बराच वेळ
चपलेत नसलेला खडा काढत राहिले.

मग आम्ही मासळीच्या भाषेत बोलायला शिकलो.
'सुरमई लागत नाही हल्ली' म्हणजे पैसे पाठव.
'जाळं फाटलंय' म्हणजे आईला दम लागतो.
'वारा पडलाय' म्हणजे
काही नाही रे, तुझा आवाज ऐकायचा होता.

जहाज अठरा दिवसांनी येतं.
पश्चिमेचं वारं सुटलं की तेही नाही;
मग साखर संपते, मग बॅटऱ्या, मग सिगारेटी,
आणि सिगारेटी संपल्या की भांडणं सुरू होतात.
सरकारनं धक्का बांधून दिला, सिमेंटचा, लांबलचक.
सुकतीला त्याच्याखाली गुडघाभर पाणी.
जहाज लांबच उभं राहतं,
खोबऱ्याची पोती आम्ही होड्यांतून नेतो
आणि धक्क्यावरून पोरं उड्या मारतात.
अगदीच वाया गेला असं मी म्हणणार नाही.

एकदा एक साहेब आला कागद घेऊन.
गावाला काय हवं, तीन गोष्टी सांगा.
दोन तास वाद. दाई हवी. बर्फाचा कारखाना हवा.
तिसऱ्याला म्हातारा मेसाक म्हणाला,
आमची पोरं हवीत.
साहेबानं लिहिलं: शाळेची दुरुस्ती.

त्या शाळेत ओक्तोविनाच्या वर्गात तिघं होती.
मास्तर सुट्टीला गेला,
त्याला परतीचं जहाज अजून मिळालेलं नाही.
तरी पोरगी शिकली. आंबोनला नर्सिंगला नंबर लागला.
फी ऐकून मी होडीची उलांडी
उगीचच पुन्हा पुन्हा आवळत बसलो.

तेव्हा गावानं सासी बांधली.
काठीला नारळीची कोवळी झावळी, खडकाच्या कडेला रोवलेली,
चर्चमध्ये प्रार्थना करून.
ती उतरेपर्यंत समुद्रकाकडीला कुणी हात लावायचा नाही.
दोन वर्षं आम्ही त्या पाण्याच्या कडेनं
चुलीवरच्या रिकाम्या भांड्याकडे न बघता जावं तसे गेलो.
मग एका सकाळी झावळी उतरवली
आणि अख्खं गाव बुडी मारून आलं, मेसाकसुद्धा.
व्यापाऱ्यानं नखानं दाबून दाबून भाव पाडला.
तरी फी निघाली.

आज डब्यातून तिचा आवाज आला.
पास झाले, बाबा.
इथल्या दवाखान्यात जागा आहे, पगारी, खोली मिळेल.
मग जरा थांबली. म्हणाली, की घरी येऊ?

मासळीचं नाव नाही, जाळ्याचं नाव नाही.
सरळ विचारलं, सगळ्या रांगेसमोर.

मागे रिबका उभी होती, सातवा लागलेली,
कमरेवर हात ठेवून.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
मेसाकनं नाही, योसिनानं नाही.
सगळे समुद्राकडे बघत होते,
जणू जहाज यायचा दिवस आहे.

कुणी तिला ये म्हणालं नाही.
त्या पाण्यातलं आपलं देणं कुणी काढलं नाही.

मी मान वर केली.
दोन उत्तरं होती तोंडात, दोन्ही खरी.
ओरडलो, वारा पडलाय, ओक्तो,
वारा पडलाय इथे.

काय? ती म्हणाली. बाबा, ऐकू येत नाही.

डब्याला कुणाचाच हात लागला नव्हता.